पदपथ किती रुंद असावा?

दादर स्टेशनच्या पश्चिमेला संध्याकाळी सातच्या सुमारास बाहेर पडणाऱ्या माणसांकडे थोडा वेळ बाजूला उभे राहून पाहावे. बहुतेक जण फुटपाथवरून चालत नाहीत. फुटपाथला लागून, रस्त्याच्या कडेने, टॅक्सी आणि हातगाडी यांच्यामधल्या फटीतून चालतात. मागून बस आली की अंग चोरतात, बस गेली की पुन्हा त्याच वाटेला लागतात. आपण नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना सांगतो, 'नेहमी पदपथावरून चालावे.' मुले ते उत्तरपत्रिकेत लिहितात, गुण मिळवतात आणि शाळा सुटल्यावर रस्त्यावरून चालत घरी जातात.

याचे खापर सहसा बेशिस्तीवर फोडले जाते. थोडीफार बेशिस्त असेलही. पण हजारो माणसे रोज एकाच ठिकाणी एकाच तऱ्हेने वागत असतील, तर त्यांच्या स्वभावापेक्षा त्यांच्या पायाखालच्या जागेकडे आधी पाहावे, असे मला वाटते. ही जागा टेपने मोजता येते, माणसे मोजता येतात, आणि मग उरते ते आठवी-नववीचे गणित.

आकडे कुठून येतात

भारतातल्या रस्त्यांचे बहुतेक आकडे (गाडीच्या एका पट्ट्याची रुंदी, वळणाची त्रिज्या, फुटपाथची उंची) 'इंडियन रोड्स काँग्रेस' या संस्थेच्या पुस्तिकांतून येतात. नावातल्या काँग्रेसचा राजकारणाशी संबंध नाही. परिषद एवढाच तिचा अर्थ. या संस्थेच्या जन्मामागे एक समिती आहे आणि तिचे अध्यक्ष होते मुंबईचे बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी झपाट्याने वाढल्या आणि बैलगाड्यांसाठी बांधलेले खडीचे रस्ते त्यांच्या चाकांखाली उखडू लागले. म्हणून सरकारने १९२७ साली ही समिती नेमली. १९२८ च्या अहवालात तिने सुचवले की पेट्रोलवर जादा कर बसवून रस्त्यांसाठी वेगळा निधी उभारावा, आणि तांत्रिक ज्ञान एकत्र करण्यासाठी एक अर्धसरकारी संस्था काढावी. निधी १९२९ मध्ये सुरू झाला, संस्था १९३४ मध्ये. पुणे विद्यापीठातले जयकर ग्रंथालय ज्यांच्या नावाचे आहे, ते हेच जयकर. ते त्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते.

समिती नेमली गेली ती मोटारींच्या अडचणीतून, त्यामुळे पुढची कित्येक वर्षे सारा विचार चाकांचा झाला. पायी चालणारा माणूस या पुस्तिकांच्या मालिकेत फार उशिरा अवतरला. पादचाऱ्यांच्या सोयींवरची पुस्तिका, क्रमांक १०३, निघाली १९८८ साली, आणि तिची सुधारित आवृत्ती २०१२ साली. मुंबई महानगर प्रदेशाचा जो मोठा वाहतूक अभ्यास २००८ मध्ये पुरा झाला, त्यात लोकांच्या निम्म्याहून अधिक फेऱ्या केवळ पायी होतात असे दिसले होते. ज्या वाहनाची संख्या सर्वांत मोठी, म्हणजे दोन पाय, त्याची पुस्तिका एकशेतिसरी असावी, याची मला नेहमी गंमत वाटते.

पुस्तिका म्हणजे कायदा नव्हे, तो तज्ज्ञांचा सल्ला असतो. महापालिका तो आपल्या निविदेत घालते तेव्हा त्याला दात येतात. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आले. त्यानुसार केंद्राने ठरवून दिलेली रचनेची व बांधणीची मानके न पाळल्यामुळे माणूस दगावला किंवा जायबंदी झाला, तर जबाबदार अधिकारी, सल्लागार किंवा कंत्राटदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, वापरण्याजोगा पदपथ मिळणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे सांगितले. 'वापरण्याजोगा' म्हणजे काय, हे मात्र शेवटी मीटरमध्येच सांगावे लागते.

एक पूर्णांक आठ दशांश

२०१२ ची पुस्तिका फुटपाथकडे एक सलग फरशी म्हणून पाहत नाही. ती त्याचे तीन पट्टे करते. इमारतीला किंवा दुकानाला लागून एक अरुंद पट्टा. तिथे माणसे दुकानातली वस्तू पाहत थबकतात, दार उघडते, पायरी येते. रस्त्याच्या बाजूला दुसरा पट्टा. त्यात झाडे, दिव्याचे खांब, विजेच्या पेट्या, बाकडी, बसथांबा आणि फेरीवाले. या दोन्हींच्या मधला पट्टा फक्त चालण्यासाठी. त्यात काहीही नको. त्याची कमीत कमी रुंदी १.८ मीटर, आणि बाजारपेठेच्या भागात २.५ मीटर.

हा १.८ चा आकडा आला कुठून? माणसाच्या खांद्यांची रुंदी साधारण ४५ ते ५० सेंटीमीटर. चालताना शरीर डावीउजवीकडे किंचित झुलते, हातात पिशवी असते, म्हणून चालत्या माणसाला सुमारे ७५ सेंटीमीटर धरावे लागतात. चाकाच्या खुर्चीची रुंदीही जवळपास तेवढीच. समोरासमोरून येणाऱ्या दोन खुर्च्या एकमेकींना न घासता जायच्या तर दीड मीटर, आणि हात चाकावर असतात म्हणून थोडी मोकळीक. असे १.८ होतात. म्हणजे ही काही ऐसपैस जागा नाही. दोन माणसे शेजारून जाऊ शकतील एवढा हा किमान हिशेब आहे. चांगली मोठी छत्री उघडल्यावर जवळजवळ एक मीटर व्यापते. दोन छत्र्या समोरासमोर आल्या की एकीला तिरके व्हावे लागते किंवा एकाला खाली उतरावे लागते. मुंबईत वर्षाचे चार महिने छत्रीचे आहेत. पुस्तिका दिल्लीत न लिहिता परळमध्ये लिहिली असती, तर किमान आकडा दोन मीटर झाला असता असे मला वाटते.

माणसांचा प्रवाह

दोन माणसांचा हिशेब सोपा आहे. हजार माणसांचा कसा करायचा? इथे भौतिकशास्त्रातली प्रवाहाची कल्पना उपयोगी पडते. नळीतून दर सेकंदाला किती पाणी जाते? पाण्याचा वेग गुणिले नळीचे छेदक्षेत्र. फुटपाथचेही तसेच:

दर सेकंदाला जाणारी माणसे = घनता × वेग × रुंदी

घनता म्हणजे एका चौरस मीटरमध्ये किती माणसे आहेत ते. पण माणूस पाण्यासारखा नाही. गर्दी वाढली की तो सावकाश चालतो, कारण पाऊल टाकायला पुढे जागा लागते. झुरिकच्या उलरिख वाइडमान यांनी १९९३ मध्ये निरनिराळ्या मोजण्या एकत्र करून घनता आणि वेग यांचे नाते मांडले. मोकळ्या जागेत माणूस सेकंदाला सुमारे १.३ मीटर चालतो. चौरस मीटरला एक माणूस झाला की वेग १.१ वर येतो, दोन झाले की ०.६, तीन झाले की ०.३ आणि चार झाले की जेमतेम ०.१५.

आता गुणाकार करून पाहा. एक मीटर रुंदीतून दर सेकंदाला किती माणसे गेली? घनता एक असताना १.१, दोन असताना १.२, तीन असताना ०.९ ते १. चार असताना ०.६. म्हणजे गर्दी वाढवत नेली तर सुरुवातीला जास्त माणसे पलीकडे जातात, पण दोनच्या आसपास प्रवाह कमाल होतो आणि त्यानंतर जितकी गर्दी जास्त, तितकी कमी माणसे पलीकडे पोचतात. मुलांना हा आलेख जरूर काढायला सांगावा. वर चढून पुन्हा खाली येणारी ही रेषा एकदा डोळ्यांसमोर आली की 'सगळे एकदम घुसू नका' या सूचनेमागचे कारण सांगावे लागत नाही.

आपल्याकडची माणसे युरोपीय माणसांसारखी चालतात का, अशी शंका कोणी काढेल, आणि ती रास्त आहे. २००९ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील आणि जर्मनीतील संशोधकांनी नेमकी हीच तुलना केली. दोन्ही देशांत माणसांना एका वर्तुळाकार वाटेवर एकामागे एक चालायला लावले. भारतीय माणसे पुढच्यापासून कमी अंतर ठेवून चालतात आणि गर्दी वाढली तरी त्यांचा वेग जर्मनांइतका घटत नाही, असे दिसले. लोकलच्या प्रवाशांना हे सांगायला प्रयोगाची गरज नव्हती, पण आकडे मिळाले हे चांगले झाले. यातून आलेखाचे शिखर थोडे सरकते. आलेख खाली येतो हे मात्र तसेच राहते.

तो किती खाली येऊ शकतो, हे मुंबईने २९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाहिले. परळ आणि एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) या स्टेशनांना जोडणाऱ्या पादचारी पुलाच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मरण पावली. सकाळची कचेऱ्यांची वेळ होती, जोराचा पाऊस आला होता. पावसामुळे पुढची माणसे आडोशाला थांबली आणि मागून गाड्यांमधून उतरणारी येत राहिली. चौरस मीटरला सहा-सात माणसांच्या पुढे गर्दी गेली की व्यक्ती स्वतःचे पाऊल स्वतः ठरवू शकत नाही. एका टोकाचा धक्का द्रवातल्या दाबासारखा दुसऱ्या टोकाला जातो. अशा गर्दीत माणसे बहुधा तुडवली जाऊन मरत नाहीत. छातीवर सर्व बाजूंनी दाब येऊन श्वास घेता न आल्याने मरतात. हा पूल बांधला गेला तेव्हा आजूबाजूला गिरण्या होत्या. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले, गाडीतून उतरणाऱ्यांची संख्या बदलली, उतरण्याची वेळ बदलली, जिन्याची रुंदी बदलली नाही. पुढे लष्कराने नवा पूल बांधला आणि तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला.

सरासरीचा फसवा आकडा

रुंदी ठरवताना एक चूक फार वेळा होते. तासाभरात गेलेली माणसे मोजायची आणि त्यांना ३६०० ने भागायचे. समजा, स्टेशनच्या एका दाराशी दर सहा मिनिटांनी गाडी येते आणि प्रत्येक गाडीतून त्या दाराने ३०० माणसे बाहेर पडतात. तासाला ३००० माणसे झाली. सेकंदाला एकही नाही. आरामात चालण्यासाठी एका मीटर रुंदीतून सेकंदाला अर्धा माणूस, म्हणजे मिनिटाला तीस, असा भार धरला, तर १.७ मीटरचा पट्टा पुरेल असे उत्तर येते. पण माणसे नळाच्या धारेसारखी येत नाहीत. ती लाटेसारखी येतात. तीनशे माणसे दोन मिनिटांत बाहेर पडतात आणि उरलेली चार मिनिटे दार जवळपास रिकामे असते. त्या दोन मिनिटांत सेकंदाला अडीच माणसे आली. आरामात चालायला पाच मीटर हवेत. १.७ मीटरच्या पट्ट्यातून कितीही रेटारेटी केली तरी सेकंदाला दोनच जातील. उरलेली कुठे जातात, हे आपण दादरला पाहिलेच.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रोचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि गिरगाव व काळबादेवी यांनाही स्टेशने मिळाली. ज्या गल्ल्यांत आजवर माणसे सावकाश, सुटीसुटी येत होती, तिथे आता लाटा येऊ लागल्या आहेत. जुन्या गिरगावातल्या पदपथांची मोजणी त्यामुळे नव्याने करायला हवी.

नकाशावरची रुंदी आणि पायाखालची रुंदी

नकाशावर फुटपाथ तीन मीटरचा असतो. प्रत्यक्षात भिंतीला घासून कोणी चालत नाही. तिथले तीस-चाळीस सेंटीमीटर वाया जातात. रस्त्याच्या कडेचेही तितकेच, कारण आरसा बाहेर काढलेली बस जवळून जाते. मध्ये वडाचे झाड, त्याचा सिमेंटचा कट्टा. पुढे विजेची पेटी, तिचे दार उघडायला लागणारी जागा. मग पदपथावर चढवलेल्या दोन मोटारसायकली. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कमकुवत कडीइतकी असते, तशी पदपथाची रुंदी त्याच्या सर्वांत अरुंद जागेइतकी असते. शंभर मीटर लांबीत एका ठिकाणी नव्वद सेंटीमीटर उरले, तर तो पदपथ नव्वद सेंटीमीटरचा. तीन मीटरचे पैसे खर्च झाले असले तरी.

फेरीवाल्यांबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. दादरच्या फुलवालीला हटवले की प्रश्न सुटेल, असे मानणारा एक वर्ग आहे. पण २०१४ च्या कायद्याने फेरीवाल्यांच्या व्यवसायाला संरक्षण दिले आहे, आणि पुस्तिकेतल्या तीन पट्ट्यांत त्यांची जागाही आहे, रस्त्याच्या बाजूच्या पट्ट्यात. पट्टा आखलाच नाही तर फुलवाली आणि चालणारा माणूस यांनी एकाच १.८ मीटरवर हक्क सांगायचा, आणि भांडण त्या दोघांत लागते. पट्टा का आखला नाही, हे विचारायचे राहून जाते.

उंचीचेही तसेच. फुटपाथची उंची १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावी असे मानक सांगते. मुंबईत रस्त्यावर थरावर थर चढतात, मग पाणी तुंबू नये म्हणून फुटपाथ उचलतात, आणि काही ठिकाणी तो फूटभर उंच होतो. केईएम किंवा टाटा रुग्णालयात उपचारासाठी आलेला अशक्त माणूस एवढे पाऊल उचलत नाही. तो खालून, रस्त्यावरून चालतो. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण १:१२ सांगितलेले असते. माणूस आणि खुर्ची मिळून १०० किलो वजन धरले, तर या उतारावर ढकलायला वजनाच्या बाराव्या हिश्श्याइतके, म्हणजे सुमारे ८ किलो वजनाइतके बल लागते. हे एका माणसाला जमते. फुटपाथ १५ सेंटीमीटर उंच असेल तर उताराची लांबी १.८ मीटर, ३० असेल तर ३.६ मीटर, आणि तेवढी जागा कुठेच नसते. मग उतार तीव्र करतात. कागदावर सोय झालेली असते. लालबाग-परळला तर प्रत्येक नव्या मनोऱ्याच्या फाटकाशी मोटारी आत जाव्यात म्हणून फुटपाथ खाली आणतात आणि पलीकडे पुन्हा वर नेतात. खरे तर फुटपाथ सपाट ठेवून मोटारीला वर चढायला लावता येते. मोटारीला इंजिन असते.

पिवळ्या खडबडीत फरश्यांची पट्टी आता बऱ्याच ठिकाणी दिसते. जपानच्या सेईइची मियाके यांनी १९६५ मध्ये ती अंध व्यक्तींसाठी शोधली आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवली. लांब रेघांची फरशी म्हणजे 'सरळ चला', ठिपक्यांची म्हणजे 'थांबा, पुढे काहीतरी आहे'. आपल्याकडे कारागिराला या लिपीचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो. रेघांची पट्टी थेट झाडाच्या बुंध्यात जाऊन संपलेली मी पाहिली आहे.

कोपऱ्याची त्रिज्या

पदपथ संपतो तिथे नाका येतो. नाक्यावर फुटपाथचा कोपरा किती गोल करायचा, हा क्षुल्लक वाटणारा प्रश्न आहे. गाडी वळते तेव्हा अभिकेंद्री त्वरण = वेगाचा वर्ग ÷ त्रिज्या. आतल्या माणसाला फारसा हिसका न बसता वळायचे तर हे त्वरण सेकंदवर्गाला सुमारे २.५ मीटर धरू. त्रिज्या ५ मीटर असेल तर वेग सेकंदाला साडेतीन मीटर, म्हणजे ताशी १३ किलोमीटरच्या आसपास. त्रिज्या १५ मीटर केली की ताशी २२. कोपरा जितका गोल, तितकी गाडी वेगात वळते, आणि माणसाला ओलांडायचे अंतरही वाढते.

वेगाने किती फरक पडतो? समोर अचानक मूल आले. चालकाला ब्रेकवर पाय ठेवायला एक सेकंद लागतो असे धरू, आणि कोरड्या रस्त्यावर गाडी सेकंदवर्गाला ७ मीटरने मंदावते असे धरू. ताशी ३० च्या वेगाने त्या सेकंदात गाडी ८.३ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी ५ मीटर, १३.३ मीटरवर थांबते. ताशी ५० वेगाची गाडी पहिल्या सेकंदातच १३.९ मीटर जाते. म्हणजे ज्या ठिकाणी पहिली गाडी पूर्ण थांबली, तिथे दुसरीचा ब्रेकसुद्धा लागलेला नसतो. ती पूर्ण वेगाने आदळते. हे उदाहरण गतीच्या समीकरणांच्या धड्यात आवर्जून घ्यावे. पुस्तकातल्या 'एक वस्तू विरामावस्थेतून...' पेक्षा ते लक्षात राहील.

ओलांडण्याच्या सिग्नलचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. आंबेडकर मार्गासारखा रुंद रस्ता समजा २४ मीटर आहे. सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्याला २० सेकंद लागतात, ०.८ मीटर चालणाऱ्या आजींना ३०. सिग्नल पहिल्या आकड्यावर लावला, तर आजी आठ मीटर आधीच लाल दिव्यात सापडतात.

६३ अंशांचा नियम

मुंबईत रस्त्यांची मानके नवी नाहीत. १८९६ साली मांडवीत प्लेग आला आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतून रुंद रस्ते फोडून समुद्राची हवा आत आणायची, म्हणजे रोग हटेल, असा विचार होता. प्रिन्सेस स्ट्रीट (आताचा शामलदास गांधी मार्ग) आणि सँडहर्स्ट रोड (आताचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग) त्यातूनच झाले. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहतीही ट्रस्टच्याच. गंमत अशी की ज्या वर्षी ट्रस्ट निघाला त्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून दाखवले की प्लेग उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो. कोंदट हवेचा त्यात दोष नव्हता. हे म्हणणे मान्य व्हायला काही वर्षे गेली, आणि ते पक्के करणारे प्रयोग १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत, आजच्या हाफकिन संस्थेच्या जागी, झाले. म्हणजे रस्ते चुकीच्या उपपत्तीवर बांधले गेले. उजेड आणि हवा मात्र खरोखरच मिळाली. ज्यांची घरे त्यासाठी पाडली गेली, ते कुठे गेले हा वेगळा आणि दुःखद इतिहास आहे.

ट्रस्टचे त्या काळचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ च्या सुमारास एका नियमाचा आग्रह धरला. खोलीच्या खिडकीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा काढली, तर तिचा क्षितिजाशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त नसावा. हा विचित्र आकडा का? त्रिकोणमितीचे कोष्टक उघडा: ६३.५ अंशांचा टॅन्जंट जवळपास बरोबर २ आहे. म्हणजे समोरची भिंत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंच नको. मुलांना शाळेच्या मागच्या गल्लीत कोनमापक घेऊन नेले, तर ऑर यांचा नियम किती ठिकाणी पाळला गेला हे पाच मिनिटांत कळेल.

गिरगावातला एक रस्ता

२०१९ च्या नोव्हेंबरमध्ये महापालिकेने डब्ल्यूआरआय इंडिया या संस्थेच्या साहाय्याने 'मुंबई स्ट्रीट लॅब' नावाचा उपक्रम जाहीर केला. शहरातले पाच रस्ते निवडले आणि त्यांच्या आखणीसाठी रचनाकारांची स्पर्धा ठेवली: एस. व्ही. रोड, नेपियन सी रोड, विक्रोळी पार्कसाइटचा १७ क्रमांकाचा रस्ता, मौलाना शौकत अली मार्ग आणि गिरगावचा राजा राममोहन रॉय मार्ग. पुण्याने २०१६ मध्येच रस्तारचनेची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वे तयार केली होती आणि जंगली महाराज रस्त्यावर ती वापरून पाहिली होती. मुंबईचा मार्ग वेगळा: आधी पाच निरनिराळ्या स्वभावाचे रस्ते करून पाहायचे आणि त्यांतून नियम काढायचे. ही पद्धत मला शास्त्रीय वाटते, कारण प्रयोग आधी आणि सूत्र नंतर. पण प्रयोग म्हणायचे तर आधीची आणि नंतरची मोजणी हवी, आणि ती सर्वांना पाहायला मिळायला हवी. छायाचित्रे पुरत नाहीत.

राममोहन रॉय मार्ग प्रार्थना समाजाच्या नाक्याशी आहे. त्यावर मोठे रुग्णालय आहे, म्हणजे रुग्णवाहिका येणार, टॅक्सी थांबणार, चाकाच्या खुर्च्या येणार, औषधाच्या दुकानाशी नातेवाईक ताटकळणार. अशा ठिकाणी रुंदी आणायची कुठून? इमारती मागे सरकत नाहीत. एक उत्तर गाड्यांच्या पट्ट्यांत आहे. पट्टा सहसा ३.५ मीटरचा धरतात; तो महामार्गाच्या वेगासाठी योग्य आहे. नियमानुसार बसची कमाल रुंदी २.६ मीटर. शहरातल्या सावकाश वेगाला ३.१ मीटरचा पट्टा पुरतो. चार पट्टे असतील तर १.६ मीटर सुटले, दोन असतील तर ०.८. एका बाजूच्या उभ्या मोटारींची रांग काढली तर आणखी दोन मीटर. यातला कोणता मीटर सोडवायचा याबद्दल समितीत खरी भांडणे होतात, आणि अशा समितीत अभियंता, वाहतूक पोलीस आणि रचनाकार असले, तरी खुर्ची ढकलणारा आणि फुलवाली क्वचितच असतात.

वर्गासाठी

पाच-पाच मुलांचे गट करावेत. शाळेच्या दारापासून दोनशे मीटर पदपथ घ्यावा. दर दहा मीटरवर टेपने मोकळी रुंदी मोजावी, म्हणजे दोन अडथळ्यांच्या मधली. भिंतीपासून कडेपर्यंतची नव्हे. उंची पट्टीने मोजावी. मग एका ठिकाणी खडूने दहा मीटर अंतरावर दोन खुणा करून, पन्नास माणसांना ते अंतर कापायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहावे, आणि म्हाताऱ्या माणसांची, लहान मूल कडेवर घेतलेल्यांची नोंद वेगळी ठेवावी. तिसऱ्या गटाने दर मिनिटाला फुटपाथवरून किती आणि रस्त्यावरून किती माणसे गेली ते पंधरा मिनिटे मोजावे. तास संपल्यावर सरासरी काढण्याआधी सर्वांत गर्दीचे एक मिनिट शोधावे. मुलांनी उभे राहायचे ते फुटपाथच्या आतल्या बाजूला, भिंतीशी. आणि तशी जागाच नसेल तर मोजणी शाळेच्या गच्चीवरून करावी व तेही वहीत लिहावे.

मोजणी एकदा जूनमध्ये, छत्र्या उघडलेल्या असताना, आणि एकदा गणपतीच्या आठवडाभर आधी, मांडव उभे राहिल्यावर करावी. लालबागच्या शाळांना दुसऱ्या खेपेला टेप बहुधा फारसा उलगडावा लागणार नाही.